दोन मार्कांचं ज्वलन

अल्केन हे नाव ऐकून बिचकू नका. स्वयंपाकघरातला गॅस, स्कूटरमधलं पेट्रोल, लाइट गेल्यावर लावायची मेणबत्ती, हे सगळं अल्केनच. कार्बन आणि हायड्रोजन एकमेकांना घट्ट धरून बसलेले, तिसऱ्याचं काम नाही. त्यावर आम्ल ओता, अल्कली ओता, ढिम्म हलत नाही. जुन्या पुस्तकांत याला पॅराफिन म्हणत. त्या शब्दाचा मूळ अर्थ, कशाचीच फारशी ओढ नसलेला. मी पोरांना सांगायचो, हा असा जावई आहे की सणाला बोलवा, लग्नाला बोलवा, जागचा उठत नाही. पेटवला तरच उठतो.

कळमेश्वरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी एकतीस वर्षं हा धडा शिकवला. समोर एमआयडीसीतल्या कामगारांची आणि आसपासच्या खेड्यांतली पोरं असायची. अल्केनच्या तीन गोष्टी शिकवायच्या. पहिली, उन्हात क्लोरीन किंवा ब्रोमीन दिलं तर ते घेतं, अंधारात घेत नाही. दुसरी, हवा न देता खूप तापवलं तर मोठा रेणू तुटून लहान होतो; तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात हेच चालतं. तिसरी, ते जळतं. पहिल्या गोष्टीचा माझा प्रयोग कॉलेजात नावाजलेला होता. हेक्झेनमध्ये ब्रोमीनचे दोन थेंब टाकून दोन परीक्षानळ्या भरायचो. एकीला काळा कागद गुंडाळायचो, दुसरी खिडकीत ठेवायचो. पुस्तकात लिहिलेलं असायचं की थोड्या वेळानं लाल रंग जातो. आमच्याकडे एप्रिलमध्ये हजेरी घेऊन होईपर्यंत गेलेला असायचा. विदर्भाचं ऊन कामाला लागलेलं मी एवढ्याच ठिकाणी पाहिलं.

आता तिसरी गोष्ट. हा लेख तिच्याबद्दलच आहे. भरपूर हवेत अल्केन जळलं की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं, ज्योत निळी असते. हवा कमी पडली तर तोच गॅस अर्धवट जळतो, ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो श्वासातून रक्तात गेला की ऑक्सिजनची जागा अडवून बसतो आणि सोडत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, पाय लटपटतात, मग माणूस बसल्या जागी जातो. पुस्तकात यावर सव्वा ओळ होती.

ती सव्वा ओळ मी दरवर्षी खोडायला लावायचो. माझी पद्धतच तशी होती. कुठल्याही धड्याचा पहिला तास म्हणजे खोडणीचा तास. पेन्सिली काढा म्हणायचो आणि परीक्षेत न येणाऱ्या ओळींवर काट मारायला सांगायचो. पंधरा पानांचा धडा सात पानांवर यायचा. पोरं खूश, आईबाप खूश, प्राचार्य निकालाकडे बघून खूश. ज्वलनावर दोन मार्कांचा प्रश्न यायचा, तोसुद्धा निळ्या ज्योतीचा. समीकरण लिहा आणि समतोल करा, एवढाच. माझा अंदाज कधी चुकला नाही. त्याचा मला भारी अभिमान होता आणि तो मी बोलून दाखवायचो.

एका वर्षी दुसऱ्या बाकावरच्या एका पोरीनं पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "सर, ही ओळ काहून खोडायची?"

मी म्हटलं, येत नाही म्हणून.

"येत नाही म्हणजे होत नाही का?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढची ओळ सांगितली. तिनं मान खाली घालून काट मारली. तिचं नाव शुभांगी. तिचे वडील रामभाऊ एमआयडीसीतल्या एका कंपनीत फोरमन होते. हुशार पोरगी. पुढे डी.एड. करून भंडाऱ्याकडे एका शाळेत शिकवायला लागली, तिकडेच लग्न झालं. रामभाऊ निवृत्त झाले तेव्हा नागपुरात हुडकेश्वरला आमच्याच लेआउटमध्ये त्यांनी प्लॉट घेतला. तो मीच दाखवला होता. त्यांचं आणि आमचं घर यांच्यामध्ये दोनच घरं आहेत.

गेल्या हिवाळ्यात शुभांगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. रामभाऊंच्या बायकोला सगळी गल्ली शांताताई म्हणते. हातचं काही राखून न ठेवणारी बाई. लेकीसाठी डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, सगळं तिनं स्वतः केलं. अंघोळीला आणि शेकायला गिरजाबाई यायची. साठीची, काटक, लेआउटच्या मागच्या वस्तीत एकटीच राहते. आमच्या भागातली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हालेली आहेत. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून खोलीची खिडकी बंद, डोक्याला रुमाल, कानात कापूस, हे आमच्याकडे घरोघरी असतं. अंघोळीला कढत पाणी भरपूर लागतं, म्हणून रामभाऊंनी बाथरूममध्ये गॅसचा एक जुना गीझर बसवून घेतला होता. सिलिंडर बाहेर, गीझर आत.

बाळाला बघायला मी गेलो तो बाराव्या दिवशी. शुभांगी पलंगावर बसली होती, उतरलेली दिसत होती. बाळ किती गोरं, कोणावर गेलं, हे सगळं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "सर, अंघोळ झाली का डोकं भल्लं दुखते. मळमळते बी. दुपारपर्यंत थांबते मंग." शांताताई आतून म्हणाल्या, की वारं लागून राहिलं तिले, त्या झरोक्यातून येते. आता बंद केला तो पक्का.

एकतीस वर्षं ही लक्षणं मला पाठ होती. कोणी झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगितली असती. पण ती प्रश्नपत्रिकेत नव्हती, समोर पलंगावर बसलेल्या पोरीच्या तोंडून आली, आणि मी ती ओळखली नाहीत. मी म्हटलं, बाळंतपणात होतं असं, आराम कर. बाळाच्या हातात पाचशेची नोट ठेवली आणि चहा पिऊन घरी आलो.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी रामभाऊंकडून ओरडण्याचा आवाज आला म्हणून धावलो. अंगणात गिरजाबाई भिंतीला धरून ओकत होती. आत शुभांगीला बाथरूममधून काढून खोलीत निजवलं होतं. बाळाची अंघोळ आधी झालेली, ते केव्हाचंच दुपट्यात गुंडाळून आजीच्या खोलीत होतं. त्याला काही झालं नव्हतं. गिरजाबाईनं शुभांगीच्या अंगावर पाणी घातलं, मग कमरेवर कढत पाणी घेत बस म्हणून तिला सांगून ती धुरीची शेगडी पेटवायला बाहेर आली. बराच वेळ झाला, पाण्याचा आवाज चालूच. हाक मारली तर उत्तर नाही. शांताताईंनी दार ढकललं तर ही भिंतीला टेकलेली.

दवाखान्यात नेलं, पण त्याला अर्थ नव्हता. शेजारच्या बायका रडत होत्या आणि म्हणत होत्या, पाह्य बाप्पा, झोपल्यासारखी दिसते, चेहरा कसा गुलाबी आहे. मी तो गुलाबी चेहरा पाहिला आणि तिथेच मला कळलं. ऑक्सिजनची जागा अडली की रक्त असंच लालबुंद राहतं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो. खूप उशिरा कळलेल्या गोष्टीचा काय उपयोग असतो, ते मला कोणी विचारू नये.

पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. शवविच्छेदनात कारण नक्की सांगता येत नाही, व्हिसेरा तपासणीला पाठवला, अहवालाला वेळ लागेल असं सांगितलं. तेवढा वेळ थांबायला माणसं तयार नव्हती. शुभांगीचा नवरा बाळाजवळून हलत नव्हता; त्याच्या बाजूनं शुभांगीचे मामेसासरे भंडाऱ्याहून आले होते, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. त्यांनी चौकशी सुरू केली. गॅसचा वास आला होता का? कोणालाच आला नव्हता. मग गॅस लीक नव्हता, गॅसचा प्रश्न मिटला. लोकांना हे ठाऊक नसतं की आपल्याला येतो तो वास कच्च्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो. जळल्यावर तो राहत नाही. मग उरलं काय? गिरजाबाई रोज शुभांगीला कसली तरी पूड पाण्यातून द्यायची. सुंठ, ओवा आणि बाळंतशोप, दुसरं काही नाही. पण ती स्वतः ओकत होती ना? म्हणजे तिनं काहीतरी घेतलं, तिला काहीतरी माहीत होतं. बाईनं विष घातलं, असं दुसऱ्या दिवशी गल्लीत उघड बोललं जाऊ लागलं. पोलिसांनी तिला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी मामेसासरे लेखी तक्रार देणार होते.

त्या दिवशी सकाळी गिरजाबाई माझ्या फाटकाशी आली. आत ये म्हटलं तर आली नाही. "गुर्जी, तुमी शिकलेले आहा. म्या त्या पोरीले काई नाई देल्लं. माह्या बी डोक्यात घन पडून राहिले होते त्या रोजी. माह्यं कोनी आयकत नाई." तिला वाटत होतं, मी ठाण्यात चारचौघांत तिच्या चारित्र्याचा दाखला द्यावा. त्याहून पक्की गोष्ट माझ्याजवळ होती, आणि आधीच का नाही ओळखली असं कोणी विचारेल या भीतीनं ती मी तोवर गिळून बसलो होतो, हे तिला माहीत नव्हतं.

मी रामभाऊंना विचारून त्यांच्या बाथरूममध्ये गेलो. गीझरच्या वर भिंतीवर हातभर काजळी होती. वरच्या झरोक्यात जुनी गोधडी दुमडून अशी ठासून भरली होती की बोट जाईना. दार उघडं ठेवून मी नळ सोडला, गीझर पेटला. ज्योत पिवळी होती, टोकाला धूर सोडत होती. बर्नर आधीच कोळिष्टकांनी आणि धुळीनं अर्धा बुजला होता, त्यात झरोका बंद. वारं लागतं म्हणून गोधडी, गोधडी म्हणून डोकेदुखी, डोकेदुखी म्हणजे वारं लागतंय, म्हणून गोधडी आणखी घट्ट. बारा-तेरा दिवस रोज सकाळी हे चाललं होतं, आणि प्रत्येकानं ते पोरीच्या भल्यासाठीच केलं होतं.

बाहेर येऊन रामभाऊंना सगळं सांगितलं. मग त्यांनी माझा हात धरला. "सर, पोलिसाले सांगा. त्या बाईले सोडवा. पण गोधडीचं शुभांगीच्या आईले नका कळू देऊ. ते मरून जाईन."

मी हो म्हटलं. पण ते जमणार नव्हतं, हे मला तेव्हाच माहीत होतं. झरोका बंद होता हे सांगितल्याशिवाय गॅसची गोष्ट पुरी होत नाही, आणि झरोका बंद होता म्हटलं की कोणी बंद केला हा प्रश्न येणारच. गप्प बसलो तर एका बाईवर खुनाचा डाग, बोललो तर दुसऱ्या बाईला कळणार की लेक आपल्याच हातानं गेली. मी दुपारभर घरात येरझाऱ्या घातल्या. बायको म्हणाली, "जी जिवंत आहे आणि निर्दोष आहे, तिचं आधी बघा." दोघीही जिवंत होत्या आणि दोघीही निर्दोष होत्या, पण बोलून उपयोग नव्हता. मी ठाण्यात गेलो.

तिथले फौजदार तरुण होते, विज्ञान शिकलेले होते. मी कागदावर दोन समीकरणं लिहिली, एक भरपूर हवेचं आणि एक अपुऱ्या हवेचं. त्यांनी दुसऱ्यावर बोट ठेवून वाचलं आणि म्हणाले, हे आम्हाला शिकवलंच नव्हतं, सर. त्यांनी प्रयोगशाळेला रक्तात हा वायू तपासा म्हणून पत्र लिहिलं आणि लगेच पुन्हा पंचनामा करायला निघाले. पंच म्हणून मला घेतलं. गिरजाबाईलाही बरोबर आणलं.

फौजदारांनी स्टुलावर चढून गोधडी ओढून काढली. दोन्ही हात लावावे लागले. घरातले सगळे पॅसेजमध्ये उभे होते. शांताताई भिंतीला टेकून होत्या, तीन दिवसांत त्यांच्या पोटात काही गेलं नव्हतं. हवा यायची जागा बंद झाल्यामुळे गॅस नीट जळला नाही, त्यानंच गेल्या ताई, असं फौजदार मामेसासऱ्यांना समजावून सांगत होते. मग वही काढून त्यांनी विचारलं, "ही कोणी लावली?"

रामभाऊ माझ्याकडे बघत होते. मी जमिनीकडे. कोणी बोलायच्या आत गिरजाबाई पुढे झाली.

"म्या लावली, सायेब."

फौजदार लिहायला लागले. तिला कळत होतं की आपण आपल्याच गळ्यात फास अडकवतोय, तरी ती ताठ उभी होती. मी आजवर पाहिलेल्या माणसांत एवढी हिंमत कोणाची पाहिली नाही, आणि मी तिथे उभा राहून तिला ते करू देत होतो. एक क्षण मला सुटल्यासारखंसुद्धा वाटलं. ते सांगायची लाज वाटते, पण वाटलं होतं.

"नाई," शांताताई म्हणाल्या. आवाज बारीक होता. "ते खोटं बोलून राहिली. गोधडी माह्या माहेरची आहे. म्या लावली, स्टूल घेऊन. ढिली झाली होती तं परत लावली."

"म्याच सांगतलं होतं तुले, झरोका बंद कर म्हणून," गिरजाबाई म्हणाली. "साऱ्याइलेच सांगतो मी."

"सांगतलं तू. हात माह्ये."

फौजदारांनी पेन खाली घेतलं. मामेसासरे बाहेर निघून गेले. तक्रार झाली नाही. पुढे अहवाल आला, त्यात मोनॉक्साइडच निघाला. अपघाती मृत्यू म्हणून कागद बंद झाले. ठाण्यातल्या कोणी गिरजाबाईची माफी मागितली नाही, गल्लीनंही नाही.

पंचनाम्यावर सही करून मी निघालो तर शांताताईंनी थांबवलं. "सर, तिनं तुम्हाले सांगतलं होतं न, डोकं दुखते म्हणून? मी आत होती, मले आयकू आलं होतं."

"सांगितलं होतं."

"मंग?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. वर्गातली पेन्सिल, खोडलेली ओळ, तिनं विचारलेला प्रश्न, माझं हसणं. हे मला माहीत होतं आणि मी ते तिला माहीत होऊ दिलं नाही, असं म्हणालो. बोलताना रडलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"हे आयकून मी काय करू, सर?" त्या म्हणाल्या.

त्यांचं बरोबर होतं. ओझं मी माझं उतरवत होतो, आणि तेही जिच्या डोक्यावर आधीच डोंगर होता तिच्यापुढे.

निवृत्तीनंतरचा माझा वेळ आता असा जातो. सकाळी पिशवीत तारेचा ब्रश आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी लेआउटमधल्या घरांत फिरतो. गीझर कुठे आहे बघू, झरोका उघडा आहे का बघू. काही जण चहा देतात, काही जण मास्तरांचं डोकं फिरलं म्हणतात. चार घरांचे गीझर बाथरूमबाहेर बसवून घेतले. गिरजाबाई ज्या घरी जाते तिथे आधी झरोक्याखाली उभी राहून वर बघते, मगच पदर खोचते. तिला कामं कमी झाली आहेत.

शुभांगीचा मुलगा सध्या आजोळीच आहे; त्याला अजून तीच न्हाऊ घालते. रामभाऊंच्या अंगणात, ऊन चढल्यावर, चुलीवर तापवलेल्या पाण्यानं. पाणी शांताताई तापवतात. बादली गिरजाबाईपासून दोन हातांवर ठेवतात आणि बाजूला होतात. लंगोट-दुपटी धुणं, दूध तापवणं, सगळं त्याच करतात, पण बाळाला हात लावत नाहीत. रामभाऊ म्हणाले, त्या दिवसापासून एकदाही घेतलं नाही.

परवा मी फाटकाशी उभा होतो. गिरजाबाईनं बाळाला पुसलं, काजळाची तीट लावली आणि दोन्ही हातांवर धरून शांताताईंसमोर केलं. "घे वं माय. कवापर्यंत अशी राह्यशीन?"

शांताताईंनी हात पदराखाली घेतले. बाळ हातापायांची उचलाउचल करत त्यांच्याकडेच बघत होतं. गिरजाबाईनं हात मागे घेतले नाहीत. मग शांताताई म्हणाल्या, "थंडी वाजन त्याले. आत ने," आणि चुलीतली लाकडं विझवायला वळल्या.